मृत्यूंचा नकाशा राहू द्या, वेळेचा काढा

स. न. वि. वि.

मी सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. माझ्या प्रबंधाचा विषय आहे ‘माता मृत्यू आणि रुग्णालयाचं अंतर’. गावपातळीवर माता मृत्यूंचा नकाशा काढायचा विचार आहे. डीएचएस या देशोदेशी घरोघरी होणाऱ्या लोकसंख्या आणि आरोग्य सर्वेक्षणाची जीपीएस फाइल मला मिळाली आहे, सर्वेक्षण झालेली प्रत्येक वस्ती तिच्यात एक ठिपका म्हणून येते. तिच्यातल्या प्रत्येक ठिपक्यापासून जवळच्या रुग्णालयापर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्याचा मृत्यूंशी संबंध लावायचा, असा बेत आहे. आमच्या विभागाकडे विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना नाही. मार्गदर्शक म्हणतात, फुकटच्या साधनांवर केलेलं काम परीक्षक मनावर घेत नाहीत. मला कोडिंग येत नाही. कोणतं साधन वापरू, डेटा कुठून घेऊ आणि मार्गदर्शकांना काय सांगू?

– एक विद्यार्थिनी

नमस्कार,

तुमच्या प्रश्नांमध्ये साधनाचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे, तेव्हा तो आधी निकालात काढू. क्यूजीआयएस हे नकाशे काढण्याचं सॉफ्टवेअर घ्या. 2002 साली सुरू झालेला हा मुक्तस्रोत प्रकल्प आज विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. त्याला परवाना लागत नाही आणि तुम्हाला लागेल ते सगळं माऊसने करता येतं. मार्गदर्शकांना एवढंच सांगा की सार्वजनिक आरोग्यातल्या संशोधनपत्रिकांत आर या सांख्यिकीच्या संगणकभाषेत केलेली विश्लेषणं सर्रास छापून येतात आणि आरही फुकटच आहे. जागतिक आरोग्य संघटना स्वतः ॲक्सेसमॉड नावाचं साधन मोफत देते, ते खास आरोग्यसेवेपर्यंत पोहोचण्याचा वेळ काढण्यासाठी आहे. परीक्षक तुमची पद्धत तपासणार आहेत, सॉफ्टवेअरची पावती नाही.

मला काळजी वाटते ती तुमच्या बेताची. तो आहे तसा केलात तर नकाशा सुंदर येईल आणि चूक असेल. कारणं सांगते.

पहिलं कारण साध्या हिशेबाचं. माता मृत्यूचं प्रमाण दर 1,00,000 जिवंत जन्मांमागे मोजतात, कारण असे मृत्यू विरळ असतात. 2023 साली जगभरात अंदाजे 2,60,000 माता मृत्यू झाले, म्हणजे लाख जन्मांमागे 197. समजा, एखाद्या भागात हे प्रमाण 200 आहे आणि तिथल्या एका गावात वर्षाला 30 बाळंतपणं होतात. त्या गावात वर्षाला 0.06 मृत्यू अपेक्षित आहेत, म्हणजे साधारण सतरा वर्षांतून एक. ज्या वर्षी तो एक मृत्यू होईल त्या वर्षी गावाचं प्रमाण 3,333 दिसेल आणि नकाशावर गाव लालभडक होईल. पुढच्या वर्षी शून्य. शेजारचं गाव त्याहून धोक्याचं असूनही दहा वर्षं पांढरं राहू शकेल. गावपातळीवरचा माता मृत्यूंचा नकाशा बहुतांशी योगायोगाचा नकाशा असतो.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे आणि ते पुष्कळ जणांच्या लक्षातच येत नाही. डीएचएसमध्ये माता मृत्यूची माहिती कशी गोळा होते, ते प्रश्नावलीत बघा. मुलाखत देणाऱ्या बाईला तिच्या बहिणींबद्दल विचारतात: किती होत्या, किती हयात आहेत, जी गेली ती गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर लवकरच गेली का? (मृत आई उत्तर द्यायला येत नाही, म्हणून ही सोय.) ठिपका आहे उत्तर देणाऱ्या बाईच्या वस्तीचा. तिची बहीण कुठे राहत होती, कुठे गेली, हे त्या फाइलमध्ये नसतं. या ठिपक्यापासून रुग्णालयाचं अंतर मोजून ते बहिणीच्या मृत्यूशी जोडण्याला काही अर्थच उरत नाही. ही पद्धत देशपातळीवरचा, आधीच्या काही वर्षांचा मिळून एक अंदाज देण्यासाठी आहे. तिच्याकडून गावाची अपेक्षा करू नका.

तिसरं कारण तुमच्या ठिपक्यांचं. ते खरे नाहीत. शहरी क्लस्टरचा (म्हणजे सर्वेक्षणासाठी निवडलेल्या वस्तीचा) ठिपका 2 किलोमीटरपर्यंत, ग्रामीण क्लस्टरचा 5 किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीणपैकी एक टक्का ठिपके 10 किलोमीटरपर्यंत मुद्दाम हलवलेले असतात, कुठल्याही दिशेला. ज्या बायकांनी दगावलेल्या मुलांबद्दल, घरातल्या मारहाणीबद्दल, काही ठिकाणी रक्ततपासणी देऊन एचआयव्हीबद्दलही माहिती दिली, त्यांची वस्ती कुणाला शोधता येऊ नये म्हणून. ठिपक्यापासून रुग्णालय 4 किलोमीटर आलं तर खरं अंतर त्याच्या दुपटीहूनही जास्त असू शकतं किंवा रुग्णालय अगदी शेजारीही असू शकतं. जवळचं रुग्णालय कोणतं, हेसुद्धा बदलू शकतं. ठिपका उपग्रह चित्रावर ठेवून ‘हेच ते गाव असणार’ म्हणून तो ओढून बसवण्याचा मोह कुणालाही होतो. तो आवरा, डेटा घेताना मान्य केलेल्या अटींत असं शोधायला मनाई आहे. डीएचएसकडूनच क्लस्टरभोवतालच्या परिसराची सरासरी काढलेल्या फाइली मिळतात: शहरात 2 आणि ग्रामीण भागात 10 किलोमीटरच्या वर्तुळातलं पर्जन्य, उंची, रात्रीचा प्रकाश वगैरे. ठिपक्यांचा वापर अशा ढोबळ परिसरासाठी करावा, दारापासून दारापर्यंतचं अंतर मोजायला करू नये.

मग काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे. मृत्यू सोडा, वेळ धरा.

1994 साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी माता मृत्यूमागचे तीन विलंब मांडले. सेवा घेण्याचा निर्णय होण्यात उशीर, सेवेच्या ठिकाणी पोहोचण्यात उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात उशीर. पहिला नकाशावर दिसत नाही. तिसरा अर्धवट दिसतो. मधला मात्र मोजता येतो, आणि त्यासाठी लागणारा जवळजवळ सगळा डेटा आज फुकट मिळतो. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आवरला नाही तर सुमारे दोन तासांत जीव जाऊ शकतो, त्यामुळे आपत्कालीन प्रसूती सेवेच्या नियोजनात ‘दोन तासांच्या आत’ हा मापदंड धरतात. तुमचा प्रश्न असा बदला: या भागातल्या किती टक्के बाळंतपणांसाठी सिझेरियन आणि रक्त देण्याची सोय दोन तासांपेक्षा लांब आहे? या प्रश्नाला एकाही मृत्यूची नोंद लागत नाही आणि याचं उत्तर आरोग्य अधिकाऱ्याला उद्या वापरता येतं.

आता डेटा. बाळंतपणं कुठे होतात याच्या अंदाजासाठी वर्ल्डपॉप बघा. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाचा हा प्रकल्प देशोदेशीच्या जनगणनेचे आकडे सुमारे 100 मीटरच्या चौकोनांत वाटून देतो. वय आणि लिंगानुसार वेगळ्या फाइली आहेत, त्यातून 15 ते 49 वयाच्या स्त्रिया काढता येतात. बऱ्याच देशांसाठी जन्म आणि गर्भधारणांचे तयार थरही (नकाशात एकावर एक ठेवायच्या फाइली) आहेत. मात्र एकेका चौकोनावर विश्वास ठेवू नका, बेरीज करूनच वापरा. ही वाटणी करताना रस्ते, वस्ती, रात्रीचा प्रकाश यांचा आधार घेतलेला असतो. तेव्हा ‘लोक रस्त्यालगत राहतात’ असा निष्कर्ष तुमच्या नकाशातून निघाला तर तो तुमचा शोध नसेल, तो फाइल बनवणाऱ्यांनीच आत घातलेला असेल. डीएचएसच्या संकेतस्थळावरच्या 5 किलोमीटर चौकोनांच्या तयार नकाशांनाही हेच लागू आहे. ते प्रतिमानातून (गणिती मॉडेलमधून) आलेले अंदाज आहेत. ज्या घटकांच्या आधारे ते काढले त्याच घटकांशी पुन्हा त्यांचा संबंध तपासणं म्हणजे स्वतःच लपवलेली वस्तू स्वतःच शोधणं.

रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशातून घ्या, जमिनीचा वापर युरोपीय अवकाश संस्थेच्या 10 मीटरच्या वर्ल्डकव्हरमधून, उंची एसआरटीएम या अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीतून. प्रशासकीय सीमांसाठी जिओबाउंडरीज मला जास्त सोयीचं वाटतं, कारण त्याचा मुख्य संच श्रेय देऊन मोकळेपणाने वापरता येतो. जीएडीएम हा सीमांचा दुसरा संच शैक्षणिक कामाला चालतो, पण फाइल पुढे वाटायला परवानगी नाही. कुठूनही घ्या, सीमा सर्वेक्षणाच्या वर्षाच्या आहेत का ते बघा. जिल्हे फुटतात, नावं बदलतात, आणि जोडताना निम्म्या ओळी रिकाम्या येतात.

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाची फाइल रुग्णालयांची. इथे घाई करू नका. ओपनस्ट्रीटमॅपवर आणि हेल्थसाइट्स या आरोग्य केंद्रांच्या खुल्या नकाशावर ठिकाणं मिळतील, पण ती स्वयंसेवकांच्या नजरेला पडलेली असतात, आणि शहरात नजरा जास्त असतात. नकाशावर रुग्णालय नाही म्हणजे जमिनीवर नाही, असं समजू नका. सरकारी यादी मिळाली तर तिच्यात खासगी रुग्णालयं नसण्याची शक्यता मोठी. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेसाठी 2019 साली प्रसिद्ध झालेली 50 देश आणि बेटांतल्या 98,745 आरोग्य केंद्रांची यादी उदाहरण म्हणून बघा: प्रचंड मेहनतीचं, खुलं, उपयोगी काम, आणि तरीही सार्वजनिक सेवेपुरतंच.

ठिकाण सापडलं तरी प्रश्न संपत नाही. पाटीवर ‘प्रसूती रुग्णालय’ लिहिलेलं असतं, पण रात्री भूलतज्ज्ञ असतो का? रक्त मिळतं का? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी 2009 साली काढलेल्या आपत्कालीन प्रसूती सेवेवरच्या हस्तपुस्तिकेत याची चांगली कसोटी आहे. मूलभूत सेवेची सात कामं ठरवली आहेत: इंजेक्शनने प्रतिजैविकं देणं, गर्भाशय आकुंचनाची औषधं देणं, झटके थांबवणारं औषध देणं, अडकलेली वार हाताने काढणं आणि आणखी तीन. त्यात सिझेरियन आणि रक्तसंक्रमण मिळवलं की नऊ, आणि अशी नऊ कामं करणारं केंद्र ‘सर्वसमावेशक’. मेख अशी की ही कामं ‘होतात’ एवढं सांगून भागत नाही, गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष झाली का, हे विचारायचं असतं. तुमच्या अभ्यासक्षेत्रात अशी रुग्णालयं बहुधा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीच असतील. फोन करा, जमेल तिथे जाऊन या. मग दोन थर ठेवा, एक कागदावरच्या सगळ्या रुग्णालयांचा आणि दुसरा खरोखर नऊ कामं करणाऱ्यांचा. दोन्हींसाठी वेळेचे नकाशे काढा. त्या दोन नकाशांमधली तफावत हा तुमच्या प्रबंधाचा गाभा होईल, असं मला वाटतं. ती तफावत कुठल्याही तयार फाइलमध्ये मिळत नाही.

वेळ काढायला ॲक्सेसमॉड वापरा. कोडिंग लागत नाही. जमिनीचा वापर, रस्ते, नद्या-तलावांसारखे अडथळे आणि उंची असे थर ते एकत्र करतं, प्रत्येक प्रकारच्या जमिनीवरून ताशी किती वेगाने जाता येईल ते तुमच्याकडून घेतं आणि प्रत्येक चौकोनापासून जवळच्या केंद्रापर्यंतचा वेळ देतं. चालणाऱ्याचा वेग चढ-उतारानुसार आपोआप बदलतो. वेगाचा तक्ता हे या कामाचं मर्मस्थान. तिथे पक्क्या रस्त्यावर ताशी 80 टाकलं की निम्मा प्रदेश एका फटक्यात दोन तासांच्या आत येतो आणि सगळे खूश होतात. म्हणून ते आकडे कुठल्या तरी लेखातून उचलू नका. रुग्णवाहिकेचे चालक, सुईणी, रात्री बाईला घेऊन गेलेले नातेवाईक यांना विचारा. ओढ्यावरचा पूल पावसाळ्यात बुडतो का? गाडी बोलावल्यावर यायला किती वेळ लागतो? हा थांबण्याचा वेळ प्रतिमानात आपोआप येत नाही, वेगळा जोडावा लागतो. कोरड्या ऋतूचा आणि पावसाळ्याचा, गाडीचा आणि पायी, असे वेगवेगळे नकाशे काढा. एकच आकडा देण्यापेक्षा ‘इतक्या ते इतक्या टक्के’ असं उत्तर जास्त प्रामाणिक.

एवढं झेपणार नसेल, सत्र संपत आलं असेल, तर मलेरिया ॲटलास प्रोजेक्टचे तयार जागतिक थर आहेत. 2020 साली त्यांनी आरोग्य केंद्रापर्यंतच्या प्रवासाच्या वेळेचे नकाशे प्रसिद्ध केले, वाहनाने आणि फक्त पायी असे दोन, सुमारे 1 किलोमीटरच्या चौकोनांत. क्यूजीआयएसमध्ये ते सरळ उघडतात. पण त्यात सिझेरियन करणारी केंद्रं वेगळी काढलेली नाहीत. तुमच्या प्रश्नासाठी त्यांचा प्रवासाच्या अडथळ्यांचा थर घ्या आणि रुग्णालयांचे ठिपके स्वतःचे टाका.

तुमची डीएचएस फाइल वाया गेली असं मात्र समजू नका. हे सर्वेक्षण सहसा राज्य किंवा विभाग पातळीपर्यंतचे आकडे भरवशाने देतं. रुग्णालयात झालेली बाळंतपणं, गरोदरपणातल्या तपासण्या, सिझेरियनचं प्रमाण त्या पातळीवर काढा (नमुन्यातली कमी-जास्त निवड भरून काढणारी वजनं लावायला विसरू नका, फाइलमधल्या व्ही005 या वजनाच्या स्तंभाला 10,00,000 ने भागून) आणि शेजारी दोन तासांबाहेरच्या बाळंतपणांची टक्केवारी ठेवा. प्रश्नावलीत एक प्रश्न बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: आजारपणात उपचार घ्यायचे झाले तर आरोग्य केंद्राचं अंतर ही मोठी अडचण वाटते का? तो तुमच्या प्रतिमानावरचा उत्तम पहारा आहे. जिथे तुमचा नकाशा ‘अर्धा तास’ म्हणतो आणि बायका ‘मोठी अडचण’ म्हणतात, तिथे मी बायकांवर विश्वास ठेवेन आणि वेगाचा तक्ता पुन्हा उघडेन.

अमेरिकी सरकारच्या निधीवर चालत आलेला डीएचएस कार्यक्रम 2025 मध्ये निधी थांबल्याने अडचणीत आला, त्यामुळे तुमच्या नावावर मंजूर झालेल्या सगळ्या फाइली आणि त्यांची माहितीपत्रकं आजच उतरवून जपून ठेवा. यूनिसेफची एमआयसीएस ही स्त्रिया आणि मुलांविषयीची घरोघरी होणारी सर्वेक्षणंही नोंदणी करून मोफत मिळतात, प्रश्न बरेचसे सारखे असतात.

बालमृत्यूंचा प्रश्न वेगळा आहे, हे जाता जाता सांगते, कारण तुमची एखादी मैत्रीण तो विषय घेऊ शकेल. तिथे आई स्वतःच्या मुलांबद्दल सांगते, त्यामुळे ठिपका आणि घटना निदान एका घरातल्या असतात, आणि दुर्दैवाने संख्याही जास्त असते. तरीही जिल्हा पातळीवर जायचं तर शेजारच्या भागांकडून आधार घेणारी सांख्यिकी लागते. आरमधलं ‘समर’ नावाचं पॅकेज त्यासाठीच आहे. कोडिंग टाळायचं असेल तर जिओडा या सांख्यिकी-नकाशांच्या मोफत साधनात लहान आकड्यांचे दर सौम्य करण्याची सोय आहे. मृत्यूंचे पुंजके शोधणारं सॅटस्कॅनही फुकट आहे. पण पुंजका सापडला की कारण सापडलं, असं नाही.

क्यूजीआयएसमध्ये नवख्यांना हमखास अडकवणाऱ्या दोन जागा सांगून ठेवते. डीएचएसच्या फाइलीत ज्या क्लस्टरचे अक्षांश-रेखांश मिळाले नाहीत त्यांना शून्य-शून्य दिलेलं असतं. ते आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात जाऊन बसतात. आधी गाळा. दुसरी जागा प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीची. फाइल अंशांत असताना ‘5’ एवढं वर्तुळ काढलंत तर ते पाच किलोमीटरचं होणार नाही, पाच अंशांचं होईल, म्हणजे विषुववृत्तावर साडेपाचशे किलोमीटर. मोजमाप करण्याआधी सगळे थर तुमच्या भागाच्या यूटीएम पट्ट्यात (मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात) आणा.

रुग्णालयाच्या नोंदींतून किंवा आरोग्य सेविकांकडून मृत मातांचे पत्ते मिळाले, तर ते ठिपके प्रबंधात छापू नका, झूम न होणाऱ्या छोट्या चित्रातसुद्धा नाही. विरळ वस्तीत एक ठिपका म्हणजे एक घर, आणि त्या घरातली माणसं अजून तिथे राहत असतात. नीतिशास्त्र समितीची परवानगी घेताना हे लिहून द्या.

मार्गदर्शकांसाठी पद्धतीच्या प्रकरणात प्रत्येक साधनाची आवृत्ती, प्रत्येक फाइल उतरवल्याची तारीख आणि वेगाचा पूर्ण तक्ता द्या. विकतच्या सॉफ्टवेअरवर केलेल्या कितीतरी प्रबंधांत एवढं नसतं. ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते वापरलेल्या प्रत्येक नकाशाखाली ‘© ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते’ ही ओळ परवान्यानुसार लागते, ती बारीक अक्षरात चालेल. आणि ज्या ज्या रुग्णालयाची तुम्ही स्वतः खातरजमा केली, ते ओपनस्ट्रीटमॅपवर नसेल तर टाकून द्या, त्याला फक्त एक खातं उघडावं लागतं.